बंपरला बांधलेले बोंबील

माझ्या गाडीतून धूर निघत नाही, असं मी नऊ वर्षं सांगत होतो. साधं सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण साधं सांगणं आमच्या घराण्यात बसत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सांगायचो, की गाडी चालू ठेवून सायलेन्सरमागे पापड वाळत घाला, पांढरेच राहतील. पापडांवरून मी अगरबत्तीवर गेलो. आणि एका गणपतीत, आरतीनंतर चार माणसं प्रसादाची वाट बघत उभी होती तेव्हा, एका डॉक्टरने दम्याच्या पेशंटला रोज सकाळी माझ्या गाडीमागे पंधरा मिनिटं बसायला सांगितल्याचं माझ्या तोंडून निघून गेलं. बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "हो, आणि येताना रिपोर्ट घेऊन या म्हणतात."

गाडी डिझेलची होती, परदेशी कंपनीची, आणि डिकी एवढी मोठी की त्यात वन बीएचके निघाला असता. घेऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा कंपनीचं बिंग फुटलं. टीव्हीवर दिवसभर तेच. या कंपनीच्या गाड्यांच्या कॉम्प्युटरला म्हणे कळत होतं, की आता आपली धुराची टेस्ट चालली आहे. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपण प्रयोगशाळेत आहोत. हे कळलं की गाडी लगेच शहाण्यासारखी वागायची. टेस्ट संपून रस्त्यावर आली की मोकळी. शाळा तपासायला साहेब आले की आम्ही हाताची घडी घालून बसायचो, तसंच. फरक एवढाच की आम्हाला ते मास्तरांनी शिकवलं होतं आणि हिला इंजिनिअरांनी. हे मी सोसायटीच्या गेटवरही ऐकवलं होतं.

मला राग आला, पण तो गाडीचा नव्हे, माझी पापडांची गोष्ट बिघडवल्याचा. मग कंपनीचं पत्र आलं. गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, सॉफ्टवेअर बदलून देतो. मी गेलो. एसी हॉलमध्ये बसवलं, कॉफी दिली. कॉफी संपायच्या आत टाय लावलेला माणूस आला आणि म्हणाला, झालं. काय झालं, ते मी विचारलं नाही. त्याने 'काम पूर्ण' असा शिक्का मारलेला कागद दिला आणि गाडीतल्या आरशाला झाडाच्या आकाराचं सुगंधी कार्ड लटकवून दिलं. खोटं बोलणाऱ्यानेच सांगितलं, की आता खरं बोलतो, आणि मी कागदाची घडी करून खिशात टाकली. कॉफी खरोखर चांगली होती.

त्या दिवसापासून पापड पुन्हा सुरू.

गेल्या वर्षी मुलीने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि घरात दोन गाड्यांना जागा उरली नाही. तेव्हा मावशीने विचारलं, गाडी विकणार का. मावशी बेलापूरजवळच्या दिवाळे गावची, कोळीण. आमच्या सोसायटीच्या गेटवर वीस वर्षं टोपली घेऊन बसते. ओली मासळी सकाळची, सुकी बारा महिने. गुडघे बोलायला लागल्यावर तिने ठरवलं, की आता सुकी मासळी गाडीत भरून गिऱ्हाइकांच्या दारात न्यायची. मुलगा होडीवर जातो, पण गाडीही चालवतो.

गाडी बघायला आली तेव्हा तिने टायरला लाथ मारली नाही, बॉनेट उघडलं नाही. थेट मागे गेली आणि डिकीत डोकं घातलं.

"दादा, यात माजं बोंबील जानार, सोडे जानार. सुक्या म्हावऱ्याला वास लवकर लागतो. धुराचा वास लागला तर माजं गिराईक गेलं समज. खरं सांग."

मी खरं सांगण्यासाठी फाईल आणली. नऊ वर्षांची पीयूसी सर्टिफिकेटं, एकही चुकवलेलं नाही, सगळी तारखेप्रमाणे लावलेली. मावशीने पार्किंगच्या कट्ट्यावर बसून एकेक पान उलटलं.

"सगल्यावर पास लिवलंय."

"मावशी, एवढ्या वेळा तर मी शाळेत पास झालो नाही."

मावशी हसली आणि गाडी घेतली. त्या हसण्यात मी एक गोष्ट सांगायची टाळली. नऊ वर्षांत त्या मशिनची नळी माझ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये एकदाही गेली नव्हती. पेट्रोल पंपावर पीयूसीवाल्याची व्हॅन उभी असते. आपण गाडी तिच्यासमोर आणायची, तो नंबर प्लेटचा फोटो काढतो, प्रिंटर कुरकुरतो, काचेतून कागद आत येतो. मी सीटबेल्टसुद्धा सोडला नव्हता कधी. सगळेच असं करतात. मला तर वाटायचं, की टेस्ट म्हणजे हेच. फोटोवरून काय ते कळत असेल.

मे महिना आला. आमच्याकडे करावे, दिवाळे, खाली उरणपर्यंत सगळीकडे या दिवसांत आगोट भरतात. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून चार महिन्यांचं सुकं आधीच घरात भरून ठेवायचं, त्याला आगोट म्हणायचं. मावशीचं सगळं वर्ष या तीन आठवड्यांत ठरतं. आणि त्या तीन आठवड्यांतल्या पहिल्याच सोमवारी ती आमच्या दारात उभी राहिली, टोपलीशिवाय. वीस वर्षांत मी तिला टोपलीशिवाय पाहिली नव्हती. मला वाटलं डोकं विसरून आली.

"दादा, बोंबील परत आलं."

"कुठून?"

"द्रोणागिरीवरून. उलव्यावरून. बाया बोलतात, मावशे, डिझलचा वास येतो. एकीनं तर पिशवी दारातूनच दिली परत. तुजी गारी."

"मावशी, ही गाडी..."

"पापडाचं नको सांगू. मी ऐकलंय ते. अजून तीन आठवडे हायत माज्याकडं. गारीला धूर असंल तर आत्ताच सांग, मी टेम्पो बघते आनि गारी तुज्या दारात लावते. नसंल तर दाखव."

माझ्या बायकोने पाणी आणलं आणि माझ्याकडे असं बघितलं की पाणी मलाच द्यावंसं तिला वाटत असावं.

मी ताठ उभा राहिलो. म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता टेस्ट करू.

मी, मावशी, आणि गाडी चालवायला तिचा मुलगा, असे तिघं बेलापूरच्या पंपावर गेलो. व्हॅनमध्ये पीयूसीवाला डबा खात बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"या साहेब. जरा पुढे घ्या, नंबर प्लेट फ्रेममध्ये येऊ दे."

"फोटो नको. नळी घाला."

"कशात?"

"सायलेन्सरमध्ये."

त्याने डबा बंद केला, खाली उतरला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. मग हळूच मला विचारलं, "साहेब, आरटीओवाले आलेत का?"

"नाही. मला खरी टेस्ट पाहिजे."

"तुम्हाला?" तो म्हणाला. "तुम्ही तर कधी खाली पण उतरत नाही."

मावशी माझ्याकडे वळली. मी पंपावरचा हवेचा दाब दाखवणारा बोर्ड वाचत होतो. फार सुंदर बोर्ड होता.

"म्हंजे त्या फायलीतलं सगलं पास," ती पीयूसीवाल्याला म्हणाली, "फोटो बघून दिलंस?"

"फोटो क्लिअर होते, मावशी," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मावशीने पदर खोचला. आता शिव्या येणार, असं मला वाटलं; आल्या असत्या तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलली. "कंपनीनं गारीला खोटं शिकवलं, ते टीव्हीवर आलं. तू खोटी फाईल माज्या हातात दिलीस, ते कुटं येनार? मी कंपनीला वलखत नाय, दादा. मी तुज्यावर गारी घेतली."

एरवी कुठल्याही वाक्यावर माझ्याकडे दोन किस्से तयार असतात. त्या दिवशी मी पीयूसीवाल्याबरोबर नळी शोधायला लागलो.

नळी सापडायला वेळ लागला. तिच्यावर टॉवेल वाळत होता. पीयूसीवाल्याने ती झटकली, सायलेन्सरमध्ये खुपसली आणि मावशीच्या मुलाला सांगितलं, की मी हात वर केला की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, खाली केला की सोडायचा. असं चार-पाच वेळा झालं. गाडी अशी गुरगुरली की पंपावरची कबुतरं उडाली ती थेट कर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन बसली. मशिनने विचार केला. मी नऊ वर्षांचं पुण्य आठवायला लागलो, ते दोन सेकंदांतच संपलं. मग आकडा आला.

"मर्यादेच्या आत आहे," पीयूसीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं की मलाच तो अपमान वाटला. "पास. खरोखर पास."

मी दोन्ही हात वर केले. मावशीने केले नाहीत.

"ही टेस्ट गारीला समजली," ती म्हणाली.

"मावशी, ते जुनं सॉफ्टवेअर. बदललंय ते. कंपनीने पत्र..."

"कोनी बदललं? ज्यानं फसवलं त्यानंच ना? तूच सांगितलंस ना मला गेटवर, की ही गारी साहेबासमोर हाताची घडी घालते? आता साहेब समोर होता. नळी घातली, टॉवेल काढला, एवढा तमाशा केला. मुक्या जनावराला पन समजलं असतं."

पीयूसीवाल्याने नळी काढून तिच्यावर पुन्हा टॉवेल टाकला. त्यालाही आणि मलाही हे खोडून काढता आलं नाही. मी माझ्याच गोष्टीत अडकलो होतो, आणि गोष्ट पक्की बांधलेली होती, कारण बांधणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. दिवाळ्याला ये, म्हणाली, पण गाडीपाशी काही बोलू नको. मी गेलो तेव्हा ती अंगणात, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांपाशी उभी होती. दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत होते. तिने मला गाडीपासून वीस पावलं लांब नेलं आणि कानात योजना सांगितली. सांगताना तिने गाडीकडे पाठ केली होती.

दोरीवरून उतरवलेल्या ताज्या वाळल्या बोंबलांची एक जुडी पुढच्या बंपरला बांधायची. तशीच दुसरी जुडी मागच्या बंपरला, सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. तिसरी जुडी विकायला ठेवलेल्या ढिगातली, वर्तमानपत्रात गुंडाळून, काच उघडी ठेवून माझ्या मांडीवर, म्हणजे गाडीच्या आत वास लागतो का ते कळेल. गाडी नेहमीच्या रस्त्याने द्रोणागिरीला न्यायची, नेहमीच्या वेगाने. तिथे पिशवी परत देणारी बाई आहे, तिचं नाक विकत घ्यायला कोणी आलं नव्हतं, त्यामुळे ते प्रामाणिक. तिला कुठली जुडी कुठली ते सांगायचं नाही.

"पुढे कशाला?" मी विचारलं.

"रस्त्यावर कंटेनर हायत. त्यांचा धूर पुढच्याला पन लागल, मागच्याला पन. पुढचं चांगलं आनि मागचं वाईट, तर गारी खोटी."

मी कॉमर्सचा. पण सायन्सला असतो तरी मला एवढं सुचलं नसतं. परदेशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे जमायला वर्षं लागली, ते मावशीने चहा उकळेपर्यंत मांडलं होतं.

जुड्या बांधताना मावशी मोठ्याने म्हणाली, "लग्नाला चाललो ना, सजवायला पायजे गारी." तिचा मुलगा हसायला लागला तर तिने त्याला चिमटा काढला. गाडीत बसल्यावर माझ्या तोंडून "टेस्ट" एवढं निघालं तोच तिने मागून माझ्या खांद्यावर असा हात मारला की शब्द परत आत गेला. मग उरण फाट्यापासून आम्ही तिघं त्या गाडीत लग्नाचंच बोललो. कुणाच्या, ते ठरलं नव्हतं. मुलीकडचे लोक कसे, हळद कुठे, जेवणात काय. उलवे ओलांडेपर्यंत आम्ही रुखवत मांडलं आणि बंदराकडच्या वळणावर मावशीने नवऱ्यामुलाच्या आत्याला रुसवलंसुद्धा. गाडी शांतपणे चालत होती. तिला संशय आला असेल असं वाटत नाही.

डावी-उजवीकडून कंटेनरवाले ट्रेलर जात होते, एकेक धूर असा की त्यात पतंग अडकावा, आणि उघड्या काचेतून तो एवढा आत येत होता की माझ्या नाकाला मांडीवरचा वास कळायची सोय नव्हती. सिग्नलला बाइकवाले आमच्या बंपरकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. एकाने विचारलं, "काका, नजर लागू नये म्हणून का?" मी हो म्हणालो. त्याने मान डोलावली, त्याला पटलं.

मांडीवर बोंबील घेऊन मी मात्र सबंध रस्ता एकच हिशोब करत होतो. मागची जुडी वासाची निघाली तर या बाईचं वर्ष माझ्यामुळे बुडालं. कंपनीचं नाव घेऊन चालणार नव्हतं. कंपनी तिच्या गेटवर कधी आली नव्हती, मी आलो होतो.

द्रोणागिरीत गोदामांच्या मागच्या रांगेत ती बाई राहते. साताऱ्याकडची. गोदामात कामाला जाणाऱ्यांचे डबे करते, त्यामुळे तिच्या घरात सुकी मासळी पोत्याने लागते. दारात उभं राहूनच तिने मावशीला विचारलं, "आता काय आणलंसा? परत त्योच वास?"

"नाक दे गं जरा," मावशी म्हणाली.

मुलाने पुढची जुडी आणली. बाईने हुंगली. "धूळ हाय. पर बोंबील बोंबलावानी हाय."

मागची जुडी आणली तेव्हा मी शेजारच्या शटरवरचा भाड्याने देण्याचा फलक वाचायला लागलो. बाईने ती नाकाला लावली, फिरवली, परत लावली. माझं वजन तेवढ्यात चार किलोने उतरलं.

"ह्येला बी धूळ. जरा ज्यादाच. पर वास न्हाय डिझेलचा. आवो मावशी, हे चांगलंय की. असलं का देत न्हाईसा?"

मावशीने माझ्या हातातली वर्तमानपत्राची गुंडाळी घेतली, उघडली आणि तिसरी जुडी पुढे केली. बाईने नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"ह्योच. ह्योच त्यो वास."

म्हणजे रस्ताभर ज्याच्यावर सायलेन्सर फुंकत होता तो बोंबील स्वच्छ, आणि जो माझ्या मांडीवर झाकून बसला होता तो डिझेलचा. मग मावशीचा मुलगा डोकं खाजवत म्हणाला, "आये. ताडपत्री."

"कसली?"

"ढिगावरची. जुनी फाटली ना. मग मी होडीतली घातली. इंजिनवरची."

मावशीने डोळे मिटले. होडीच्या डिझेल इंजिनवर दोन हंगाम पांघरलेली ताडपत्री रोज रात्री तिच्या आगोटीच्या ढिगावर पडत होती. घरात कुणाला कळलं नाही, कारण धक्क्याशेजारच्या घरात डिझेलचा वास बारा महिने असतोच. तिथल्या नाकांना तो वास म्हणजे हवा. वास लागायचा तिथे, आणि समजायचा द्रोणागिरीत.

"मेल्या," मावशी मुलाला म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता. मग ती त्या बाईच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. ती हसली, बाई हसली, मुलगा सावध हसला. मी तर असा सुस्कारा सोडला की समोरचं शटर थरथरलं. नऊ वर्षांत त्या गाडीचं मी जेवढं खोटं कौतुक केलं, त्यातलं थोडंसं तरी खरं निघालं होतं, आणि त्याला माझा काही हातभार नव्हता.

एक मात्र सांगून टाकतो. मी नंतर वाचलं. कंपनीने जो वायू लपवला होता तो बोंबलाच्या नाकात किंवा बाईच्या नाकात येण्यातला नाही. त्यामुळे कंपनी सुधारली का, हे आमच्या जुड्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. 'काम पूर्ण'वर आता माझा विश्वास नाही. हे मी मावशीलाही सांगितलं, परतीच्या रस्त्यावर, गाडीतच, गाडीला ऐकू जाईल असं. आणि फाईलबद्दल माफी मागितली, किस्सा न जोडता.

मावशी बाहेर बघत होती. "गारी राहील," ती म्हणाली. एवढंच.

बाईने दोन्ही बंपरच्या जुड्या ठेवून घेतल्या होत्या आणि आठवड्याने पोतं आणायला सांगितलं होतं. उलव्याच्या गिऱ्हाइकांना मी फोन करतो, असं मी म्हणालो तेव्हा मावशीने हात हलवला. "तू नको. तू बोललास तर त्या बोंबलाला सुगंध येतो म्हनून सांगशील. ती द्रोणागिरीवाली सांगल. तिचं ऐकतात."

दिवाळ्याला पोचल्यावर मुलाने ताडपत्री ओढून होडीवर नेऊन टाकली. ढीग उघडा पडला. डोंगर होता तो. करावे, सीवूड्स, नेरूळ यांची पावसाळाभरची कालवणं त्यात होती. वरचे गेले, पण आतले किती वाचले ते बघायला हवं होतं, आणि घरातल्या कुणाच्या नाकाचा उपयोग नव्हता. मावशीने उलटा क्रेट ठेवला आणि मला त्यावर बसवलं.

"तुजं नाक सोसायटीतलं हाय. तू सांग. पन गोष्ट नको. वास हाय का नाय, एवढंच."

मी पहिली जुडी उचलली, हुंगली. वरची होती.

"हाय."

ती डावीकडे गेली. दुसरीही हाय. तिसरी, चौथी. मावशीचा हात जड व्हायला लागला. मी थर बाजूला सारून खाली हात घातला आणि एक जुडी ओढून काढली. दोनदा हुंगली. मला सांगावंसं वाटलं, की मावशी, समुद्र अजून हिच्यात ओला आहे. तोंड उघडलं होतं.

"नाय," मी म्हणालो.

पुढचीही नाय. तिच्या खालचीही. मुलगा आणून देत होता, मावशी टोपलीत रचत होती, आणि मी उन्हात बसून दुपारभर तो एकच शब्द म्हणत राहिलो. टोपली भरली. तिने दुसरी आणली.